फुप्फुस माझं, उत्तरही माझंच

मित्रहो, आज इथे आखातात, वादी कबीर भागातल्या दवाखान्यात मी सूड उगवला!

न्यूमोनियातून उठल्यापासून डॉक्टर प्रश्न मला विचारतात आणि उत्तर माझे चिरंजीव देतात, इंग्रजीत. "ही इज फाइन, डॉक्टर." मी नुसता दातओठ खातो.

आज मात्र म्हटलं, "डॉक्टरसाब, फेफडा मेरा है, जवाब मैं दूँगा."

आणि दम किती उरलाय ते दाखवायला डोळे मिटून शाळेतली कविताच म्हणायला लागलो. कौलारू वर्गात अख्खी कविता एका दमात म्हणायचो. आज दुसऱ्याच ओळीला धाप लागली.

डॉक्टर गंभीर झाले. "घर में कोई सिगरेट पीता है?"

"नो, नो," चिरंजीव म्हणाले.

"यही पीता है," मी म्हणालो. "मेरे कमरे की खिडकी में, बीवी से छुपाकर."

सूनबाई शेजारीच बसली होती.

"आज से खलास," डॉक्टर त्याच्यावर कडाडले, "वरना पापा फिर ॲडमिट होंगे."

परतताना गाडीत सूनबाईने त्याची जी खरडपट्टी काढली, ती ऐकताना मला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

तुमच्या आजारपणात तुमच्या वतीने कोण बोलतं हो? आणि तुम्ही बोलू देता?