गाठ मला कधी कळली

डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला नाही, माझ्या मिस्टरांच्या हातात दिला. तेव्हाच मी ओळखलं.

नारायणगावच्या त्या दवाखान्यात दुपारची गर्दी होती. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "बायॉप्सीत इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा आलाय." बायॉप्सी म्हणजे गाठीतला बारीक तुकडा सुईने काढून तपासणं. आणि त्या लांबलचक नावाचा अर्थ असा, की स्तनातल्या दुधाच्या नळीत कॅन्सर सुरू झाला आणि आता तो नळीबाहेर पडलाय. "पुण्याला जा. उशीर करू नका," ते म्हणाले. माझी मावशी याच आजाराने गेली. तिचे शेवटचे दिवस मी जवळून पाहिले होते. डॉक्टर पुढेही बोलत होते, पण माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

राजुरीत माझी पिठाची गिरणी आहे. मिस्टर शेती बघतात. आमच्या घरचा साधा मेडिक्लेम होता. तो हॉस्पिटलचं बिल भरतो, तेही एका मर्यादेपर्यंत. मावशी गेल्यावर मी त्याशिवाय फक्त कॅन्सरसाठी असलेली एक वेगळी पॉलिसी घेतली होती. जुन्नरला बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या शमीमताई विम्याचंही काम करतात, त्या आमच्या बचत गटात आल्या होत्या. अशा पॉलिसीत निदान पक्कं झालं की ठरलेली रक्कम एकदम पेशंटच्या खात्यात येते, मग ती औषधाला वापरा नाहीतर पुण्यात राहायला. मावशीचा आजार शमीमताईंनी मला फॉर्मवर स्पष्ट लिहायला लावला होता, त्यामुळे हप्ता जरा जास्त बसला. मिस्टर तेव्हा कुरकुरले होते.

पुण्यात पेट स्कॅन झाला. शरीरात आजार कुठे कुठे पोचलाय ते त्यात दिसतं. माझा स्तनात आणि काखेतल्या एका गाठीत होता, पुढे गेला नव्हता. गाठ हर-टू पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर एक प्रोटीन जास्त असतं आणि त्यामुळे त्या झपाट्याने वाढतात. कॅन्सरच्या मॅडम म्हणाल्या, "यावर चांगलं इंजेक्शन आहे. आधी केमोबरोबर, नंतर एकटं, असं वर्षभर घ्यावं लागेल. मध्ये सोडायचं नाही."

मेडिक्लेम वर्षभर पुरणार नव्हता, हे आम्हाला तिथेच कळलं. सगळी भिस्त दुसऱ्या पॉलिसीवर होती.

माझ्यासोबत शिनोलीच्या आक्का होत्या, माझ्या थोरल्या नणंदबाई. बातमी कळली त्याच दिवशी त्या कपड्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. पहिल्या केमोच्या आधी एक शिकाऊ डॉक्टर माझी माहिती लिहून घ्यायला आली. मला भीतीने मळमळत होतं. तिने विचारलं, "त्रास कधीपासून आहे?" मी काही बोलायच्या आत आक्का म्हणाल्या, "वरीसभर तरी दुखतंय म्हनत व्हती." तिने इंग्रजीत लिहिलं, स्तनात गाठ, एक वर्षापासून.

त्या ओळीने आमची झोप उडवली.

शमीमताईंनी क्लेमचे कागद कंपनीला पाठवले होते, त्यात हॉस्पिटलचा तो कागदही होता. दुसऱ्या केमोनंतर कंपनीचा निरोप आला, क्लेम चौकशीसाठी थांबवला आहे. शमीमताई स्वतः घरी आल्या आणि समजावून सांगितलं. पॉलिसीला सव्वा वर्ष झालं होतं. तिच्यात पहिले सहा महिने वेटिंग पिरियड असतो. त्या काळात आजाराचं लक्षण दिसलं असेल, तर पैसे मिळत नाहीत. गाठ वर्षभरापासून असेल तर ती त्या सहा महिन्यांतली ठरत होती.

"पण गाठ तर मला डॉक्टरकडं जायच्या महिनाभर आधी लागली हाताला," मी म्हणाले. "वर्षभर दुखत होता तो खांदा. खांदा आणि छातीचा वरचा भाग. डबे उचलून."

मिस्टर म्हणाले, "मग दुखन्याचं नावच काढू नको. खांदा नाय, काय नाय. गाठ महिन्याची, बास."

शमीमताईंनी मान हलवली. "भाऊ, तसं मी सांगनार नाय. एक गोष्ट लपवलेली निघाली, तर खरीबी खोटी ठरती. सुनंदाताई, जे झालं तेच बोला."

मिस्टर उठून बाहेर गेले. दोन दिवसांनी मला कळलं, की ते गिरणीला गिऱ्हाईक शोधतायत. अंगात भांडायची ताकद नव्हती. तोंडात फोड आले होते, पाणीसुद्धा झोंबायचं. पण गिरणी गेली तर बरी होऊन मी काय करणार, हा विचार केमोच्या खुर्चीतही पाठ सोडत नव्हता.

आक्का त्या दिवसापासून माझ्याशी नजर मिळवेनात. स्वयंपाक करायच्या, माझी उलटीची बादली धुवायच्या, पण बोलायच्या नाहीत.

पुढच्या खेपेला मी मॅडमना सगळं सांगितलं. खांदाही सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवून मला बरंच उलटसुलट विचारलं. आंघोळीच्या वेळी गाठ लागली ती कुठे, केवढी होती, त्याआधी कधी हात लावून पाहिलं होतं का. मग म्हणाल्या, "गाठ आत कधीपासून होती, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुम्हाला ती कधी कळली आणि दुखणं कुठे होतं, एवढं मी लिहून देते. गाठ आणि दुखणं वेगळं आहे. सुरुवातीला अशी गाठ बहुतेक वेळा दुखतही नाही. पण मी कंपनीला विनंती वगैरे करणार नाही."

मला तेवढं पुरे होतं.

कंपनीचा माणूस आला तेव्हा केमो होऊन दोनच दिवस झाले होते. मी भिंतीला टेकून बसले होते. तो तरुण होता, आवाज मऊ, पण प्रश्न सुरीसारखे. आधी गावातल्या डॉक्टरांकडे जाऊन आला होता.

"खांद्यासाठी औषध घेतलंत ना?"

"घेतलं."

"तेव्हा डॉक्टरांना छातीबद्दल सांगितलं?"

मिस्टर माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "सांगितलं. खांद्यापासून छातीपर्यंत ओढ बसते म्हणून सांगितलं. गाठ नव्हती, म्हणजे मला माहीत नव्हती."

तो लिहीत राहिला. तेवढ्यात आक्का स्वयंपाकघरातून आल्या, पदराला हात पुसत. "सायब, ते वरीसभर म्या सांगितलं. हिनं नाय. मला ती खांदा दुखतोय म्हनाली व्हती. गाठीचं मला रिपोर्ट आल्यावर कळलं. माज्या त्वांडानं गेलंय ते, तर माजं नाव लिवा."

त्याने खरोखर त्यांचं नाव विचारून लिहिलं. चहा घेतला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "कळवतील."

तो गेल्यावर मिस्टर म्हणाले, "छातीचं कशाला बोललीस?" मी म्हणाले, "त्या डॉक्टरांनी त्याला आधीच सांगितलं असेल, तर?" आम्ही तिघंही त्या दिवशी नीट जेवलो नाही.

पुढचे आठवडे वाईट गेले. आणखी दोन इंजेक्शनं कशीबशी झाली. पुढच्याच्या आदल्या दिवशी शमीमताईंचा फोन आला. क्लेम मंजूर झाला होता. मी "बरं" म्हणाले आणि फोन मिस्टरांकडे दिला. ते ऐकता ऐकता ओट्यावर खाली बसले. संध्याकाळी गिरणी बघायला एक पाहुणे यायचे होते, त्यांना त्यांनी फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

केमोने गाठ आकसली, त्यामुळे ऑपरेशनमध्ये स्तन वाचला. मग रेडिएशन झालं, म्हणजे उरल्यासुरल्या पेशींवर रोज थोडा वेळ किरण सोडतात. रोज राजुरी ते पुणे जाणं-येणं मला झेपलं नसतं. त्या पैशातून हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहिलो. इंजेक्शनं वर्षभर चालली, एकही चुकलं नाही. आता दर काही महिन्यांनी तपासणीला जाते. गिरणीचे डबे मी उचलत नाही, गिऱ्हाईकच वर ठेवतात. शमीमताई दुकान बंद करून मला भेटायला पुण्यापर्यंत आल्या होत्या, ते मी विसरणार नाही.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर दोन गोष्टी सांगते. डॉक्टर विचारतील तेव्हा कितीही मळमळत असलं तरी स्वतः बोला, आणि काय लिहिलं ते वाचून घ्या. आणि अशी पॉलिसी घ्यायची तर तब्येत चांगली असताना घ्या, काही न लपवता.

मध्यंतरी आक्का पुन्हा राहायला आल्या. दुपारी घरात कुणी नव्हतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "सुनंदे, माजं बघ ना जरा. मला भ्या वाटतं."

मी हळूहळू दोन्हीकडे दाबून पाहिलं. त्या डोळे मिटून उभ्या होत्या. मला काही लागलं नाही. पण माझ्या हातावर भरवसा ठेवू नका म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मॅमोग्राफीला घेऊन गेले. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्सरे. आक्का आत होत्या तेवढा वेळ बाहेर मला बसवेना.

रिपोर्ट चांगला आला. तो हातात धरून आक्का तिथल्या बाकावर बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. माझ्या सगळ्या आजारपणात त्या एकदाही रडल्या नव्हत्या. मी शेजारी बसले आणि त्यांचं होईपर्यंत त्यांचा हात धरून राहिले.