झुंबरबाईचा आग्रह

अमळनेरच्या पंचक्रोशीत लग्नाची वरण-बट्टी म्हणजे झुंबरबाईच्या हातची. पंगत उठायला आली तरी बाई तुपाची वाटी घेऊन उभीच. जो 'नको' म्हणेल त्याच्या पानात दोन बट्ट्या जास्त.

बारा वर्षांपूर्वी बोदवडच्या एका लग्नातून भांड्यांच्या टेम्पोत बसून एक कुत्रं तिच्या घरी आलं. रंग तळलेल्या बट्टीसारखा, म्हणून नाव बट्ट्या. यंदा उन्हाळ्यात त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. आता दिवस मोजायचे, असं गुरांच्या डॉक्टर हेमांगीताईंनी सांगितलं.

शेजारचे भटूनाना सल्ला द्यायला हजर. "घरात कुत्रं मरू देऊ नये. गावाबाहेर सोड."

"तुमचा बाप कुठे सोडला होता, नाना?"

नाना चपला शोधायला लागले.

झुंबरबाईनं बट्ट्याला ओल्या गोणपाटावर निजवलं. इथवर तिचं सगळं बरोबर. पण वाटी काही हातातून सुटेना. बट्टी वरणात कुस्करून त्याचा जबडा उघडून घास कोंबायचा, त्यानं ओकायचं, की पुन्हा घास. शेवटी तो कण्हत कण्हत खाटेखाली जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेमांगीताईंनी येऊन दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. त्याच्या थोबाडावर वाळलेलं वरण त्यांना दिसलं. "अक्का, कोण भरवतंय?"

"मी! मना घरथून उपाशी जाई का हाऊ?"

"त्याला मळमळतंय. वाटी दिसली की तो तुम्हाला भितो, अक्का. नुसत्या जवळ बसा."

मला भितो? बाईचं डोकं सणकलं. तोंडावर आलेली शिवी तिनं गिळली आणि वाटी सुनेकडे दिली.

नुसतं बसणं तिला माहीतच नव्हतं. हात कुठे ठेवावा कळेना. शेवटी फरशीवर उताणा ठेवला. बऱ्याच वेळानं बट्ट्या सरपटत बाहेर आला, तळहात हुंगला, त्यात काही नाही हे बघितलं आणि हनुवटी टेकवली. कण्हणं थांबलं.

दिवेलागणीला श्वासही थांबला. बाईच्या हाताला मुंग्या आल्या होत्या, तरी तिनं काढला नाही.

"सुटला रे बाबा," ती म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं पाठ भिंतीला टेकली.

सून ज्योती ताट घेऊन आली. "आई, दोन घास?"

"नको."

ज्योतीनं आग्रह न करता ताट उचललं. बाई तिच्याकडे बघतच राहिली, मग डोळे पुसत हसली.

"झाकी ठेव, पोरी. याले खड्डाम्हा पुरी येस, मग खासू."