खालाला पुढे बसायचं होतं

आम्ही माणदेशातले मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचो आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचो. सामान घोड्यांवर, कोकरं जाळीत आणि सगळ्यांच्या पुढे माझी म्हातारी आत्या. तळ कुठे पडायचा हे तीच ठरवायची. वडील कुरकुर करायचे, पण तिचा शब्द मोडायचे नाहीत. पुढे घोड्यांच्या जागी टेम्पो आला. भावाला त्यात गोडी नव्हती, म्हणून चालवायला मी शिकले.

लग्न झाल्यावर नवऱ्यामागे इकडे आखातात आले. तो मुसफ्फाच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. आम्ही राहतो मोहम्मद बिन झायद सिटीत, एका व्हिलाच्या मागच्या खोलीत. घाटात टेम्पो चालवलेली मी, पण इथल्या टेस्टमध्ये पुन्हा पुन्हा नापास झाले. तपासणारी बाई दर वेळी तेच म्हणायची, आरशात बघितलं नाहीस. अखेर लायसन हातात आलं आणि म्हाताऱ्या माणसांची दवाखान्यात ने-आण करणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी ड्रायव्हर झाले.

तिथले नियम साधे आहेत. पॅसेंजरने मागेच बसायचं. मागच्या दारांना चाइल्ड लॉक, म्हणजे दार आतून उघडत नाही. वाटेत थांबायचं नाही. गाडी कुठे आहे ते घरच्यांना मोबाइलवर दिसतं.

रत्नागिरीकडच्या एका खालांना, म्हणजे मावशींना, मी त्यांच्या मुलाच्या घरून फिजिओथेरपीला न्यायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी मेंढपाळाची मुलगी हे कळल्यावर त्या खुलल्या. त्यांचे वडील खतासाठी शेतात मेंढरं बसवायचे, बदल्यात भात द्यायचे. तेव्हापासून मी त्यांची ‘बाय’ झाले.

मागच्या सीटवर त्यांचा पाय सरळ होत नसे. क्लिनिक येईपर्यंत गुडघा आखडून जायचा आणि उतरताना त्या माझा खांदा घट्ट धरायच्या. पुढे जागा होती, सीट मागे सरकत होती. मी सुपरवायझरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, इन्शाल्ला, देखेंगे. मी परत विचारलं, त्याने परत तेच म्हटलं.

शेवटी एकदा क्लिनिकमधून निघताना त्या म्हणाल्या, “बाय, मला पुढे बसव. मी काय कोकरू आहे, उडी मारून पळायला?”

मी त्यांना पुढे बसवलं. पाय लांब केला, बेल्ट लावला. खाला घरापर्यंत बोलत होत्या. ही इमारत कुठली, ती मशीद नवी का. नेमका गेटवर त्यांचा मुलगा उभा होता. आईला हात देऊन तो आत घेऊन गेला. संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला: “यह रूट खलास, कल से दूसरा ड्राइवर जाएगा.”

नव्या ड्रायव्हरबरोबर जायला खालांनी नकार दिला. क्लिनिकच्या फेऱ्या बुडायला लागल्या, तेव्हा मुलानेच मला परत मागवलं. मला वाटलं, आता तरी कुणी ऐकेल. पण मी पुढचं दार उघडलं तसा तो म्हणाला, “प्लीज, अम्मीला मागेच बसवा. सेफ्टीचा इश्यू आहे.”

मी म्हटलं, “साहेब, त्यांनाच विचारा ना.”

“त्यांना काय कळतंय?”

खाला आम्हा दोघांच्या मध्ये वॉकर धरून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या एक शब्द बोलल्या असत्या तरी मी नोकरीची पर्वा न करता भांडले असते. त्यांनी वॉकर वळवला आणि मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मुलाचा राग आला होताच, पण खरं सांगते, त्या क्षणी त्यांचाही आला.

त्यानंतर वाटेत त्या डोळे मिटून बसायच्या. मी काही विचारलं तर हूं म्हणायच्या. त्या गावी परत गेल्यावर मुलाने कंपनीच्या अ‍ॅपवर मला पाच स्टार दिले आणि छान सर्व्हिस म्हणून लिहिलं. सुपरवायझरने ते मला ऑफिसमध्ये सगळ्यांसमोर दाखवलं. मी मान डोलावली आणि पुढच्या सीटचं परत विचारलं. तो हसला आणि दुसऱ्या फोनवर बोलायला लागला.