उष्टी हळद आणि आमच्या ह्यांचा उजवा पाय

आमचे हे म्हणजे पुंजाराम. एस.टी.त डायव्हर होते. आता रिटायर होऊन घरी बसलेत, म्हणजे बसलेत कसले, घरभर डिझेल वाचवत फिरतात. भाताला दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करतात, म्हणतात उरलेल्या आचेवर शिजतंय. मी अजून खोलीत असते अन् माझ्या डोक्यावरचा पंखा बंद होतो. मुकुंदवाडीच्या चौकात सिग्नल लागला की स्कूटर बंद. मागून दहा हॉर्न वाजू देत, माणूस ढळायचा नाय.

नोकरीतच हा नाद लागला. कोणत्या डायव्हरनं किती डिझेलात किती पल्ला मारला, याचा डेपोत बारीक हिशोब असायचा. हे कायम पुढं. एकदा नारळ, शाल अन् भिंतीवरचं घड्याळ मिळालं. शाल मी वापरून फाडली, घड्याळ अजून चालतंय. गाडी चालवताना चपला काढून ठेवायच्या ही त्यांची रीत. उघड्या पायाला इंजिन कळतं म्हणे. मला कधी माझ्या मनातलं कळल्याचं त्यांनी सांगितलं नाय, पण इंजिनाचं कळायचं.

अन् चालवायचे कसे? सावकाश, एका लयीत. त्यांच्या मागं बसून मी माहेरी गेले की भाऊ दारात विचारायचा, चालत आलात काय. जन्मभर माझं एकच पालुपद, अहो, जरा दाबा की. अन् त्यांचं एकच उत्तर, पोचतो ना आपण?

आता बद्रीच्या लग्नाचं सांगते. बद्रीनाथ आमचा धाकटा. मुलगी कारंज्याची, वाशिम जिल्ह्यातली. लक्ष्मी नाव. लग्न तिकडंच. आदल्या संध्याकाळी मुकुंदवाडीत आमच्या दारात बद्रीला हळद लागली. आमच्यात नवरदेवाची उरलेली हळद नवरीला जाते. तिला उष्टी हळद म्हणतात. ती पोचल्याशिवाय नवरीच्या अंगाला कुणी बोट लावत नाय. आम्ही पाच जणींनी जात्यावर दळलेली हळद, तेलात कालवून पितळी वाटीत भरली, वर विड्याचं पान झाकलं अन् रात्रभर देवापुढं ठेवली.

ही वाटी न्यायचा मान करवलीचा, म्हणजे माझ्या नणंदेचा. सारजाबाई तिचं नाव. पहाटे वऱ्हाडाची बस निघाली. नवरदेव, पाव्हणे, आमचे जावई काकासाहेब, सगळे बसमधून गेले. सारजाबाई सगळ्यात आधी चढली, खिडकीची जागा धरली, आरशात बघून टिकली सरळ केली. आम्ही दोघं मागं थांबलो. देवाला नैवेद्य दाखवायचा अन् घर बंद करून जावयाच्या गाडीनं सावकाश यायचं, असं ठरलेलं. जावईबापू जाताना ह्यांच्या हातात चावी देऊन गेले.

नैवेद्याचं ताट घेऊन मी देवघरात गेले, तर वाटी तिथंच. पान झाकलेलं, देवापुढं, जशीच्या तशी.

मी ताट तिथंच खाली ठेवलं. फोन लावला, बस तेव्हा कारंज्यात शिरत होती. सारजाबाई म्हणते, "अगं बाई, मला वाटलं वहिनी तुम्हीच दिली असंल कुणाकडं." मी म्हणलं, वन्सं, मान तुमचा, साडी तुमची, खिडकी तुमची, अन् वाटी तेवढी माझी व्हय?

बरं, नवरदेव तर तिकडंच होता. दुसरी हळद कालवून त्याच्या गालाला लावली असती अन् तीच दिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण सारजाबाईच्या पोटात काय राहतंय? फोन चालू असतानाच ती बसमधून उतरली अन् भर मांडवात बोलून टाकलं. नवरीची आजी दगडाबाई तिथंच बसलेली. म्हातारी म्हणाली, देवापुढं ठेवलेलीच हळद पायजे, ती येईस्तोवर माझ्या नातीच्या अंगाला कुणी हात लावायचा नाय. मुहूर्त साडेबाराचा. त्याच्या आत हळद, न्हाणं, साडी, सगळं व्हायचं. म्हणजे आम्हाला उशीर करून चालणारच नव्हतं.

मला मुहूर्ताची धास्ती होतीच. पण खरं सांगू का, माझा जीव टांगणीला लागला तो त्या पोरीपायी. माझ्या लग्नातही उष्टी हळद उशिरा आली होती. तेव्हा आणणारी हीच सारजाबाई, परकरातली पोर, वाटेत मावशीच्या घरी जेवायला बसली. मी पाटावर साध्या लुगड्यात बसून होते. बायका आधी हळू बोलत होत्या, मग मोठ्यानं बोलायला लागल्या. तिकडच्यांचं मन फिरलं का, देण्याघेण्याचं काही राहिलं का. माझी आई सगळ्यांना पाणी देत फिरत होती अन् कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. ते मी आजवर विसरले नाय. माझ्या घरी येणाऱ्या पोरीनं तसं बसू नये, एवढंच मला वाटत होतं.

मी वाटी पदरात घेतली अन् गाडीत बसले. ह्यांनी चपला काढल्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आज दाबतो. तू बोलू नको."

अन् खरंच दाबली. सावंगीला समृद्धी महामार्गावर चढलो अन् काटा शंभराच्या पुढं गेला. तिथं चालतंय तेवढं, पण ह्यांच्या पायाखाली असं कधी झालं नव्हतं. शेतं, पूल, पाट्या भराभरा मागं जात होत्या. एसी गार, पैठणीची घडी मोडलेली नाय, मांडीवर वाटी. जालना कधी गेलं कळलं नाय, मेहकर गेलं. हे गालात हसत होते. मला वाटलं, हा माणूस इतकी वर्षं असं चालवू शकत होता अन् मला बैलगाडीच्या चालीनं फिरवत होता. थोडा राग आला, पण मजा जास्त वाटली.

वाशिमकडचं मालेगाव मागं पडलं अन् काट्याजवळ एक पिवळा दिवा लागला. मी विचारलं, हे काय?

ह्यांनी पाय थोडा उचलला. मग हळूच म्हणाले, "डिझेल."

"भरलं नव्हतं?"

"टाकी भरलेलीच असते की."

मला आधी समजंना. मग उजेड पडला. एस.टी.त डायव्हर डेपोत जातो, गाडी टाकी भरून उभी असते, हा बसतो अन् काढतो. जन्म गेला त्यात. डिझेल वाचवायचं एवढं ह्यांना ठाऊक, भरायचं काम दुसऱ्याचं. जुन्या गाड्यांचे काटे तसेही मेलेलेच असायचे, तिकडं बघायची सवयच नाय. जावयानं चावी दिली, ह्यांनी डेपोतली गाडी समजून काढली. आयुष्यभर थेंब थेंब वाचवणारा माणूस स्वतःच्या पोराच्या लग्नाला मोकळ्या टाकीनं निघाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मांडीवर हळदीची वाटी होती, म्हणून जीभ आवरली.

रस्ता तेव्हा नवाच होता, वर पंप मोजके. एक लागला होता तो आम्ही वाऱ्यासारखा मागं टाकलेला. मी म्हणलं, पुढं शेलूबाजारला खाली उतरू, भरून घेऊ. हे म्हणाले, "उतरायचं, टोल द्यायचा, गावात पंप शोधायचा, रांगेत थांबायचं, परत वर चढायचं. अर्धा तास गेला समज. अन् असंच पळत राहिलो तर कारंज्याच्या अलीकडं उभे राहू. माझ्या चालीनं गेलो तर दहा-पंधरा मिनिटं जातील, पण न थांबता पोचू."

"अन् नाय पोचलो तर?"

"मग तू मला बोल," ते म्हणाले. मी तशीही बोललेच असते.

त्यांनी एसी बंद केला. मी काच खाली घ्यायला गेले तर म्हणाले, काच नको, वारा आत शिरला की गाडीला ओढतो. मे महिना, सकाळचं ऊन, बंद काचा अन् मी पैठणीत. लग्नाच्या पत्रिकेनं वारा घालत बसले. काटा ऐंशीच्या खाली येऊन थांबला तो हललाच नाय. चढ आला की गाडी मंदावायची, हे तिला मंदावू द्यायचे, उगी रेटायचे नाय. उतार आला की ती आपोआप गती घ्यायची. लांबवर पुढं गाड्या मंदावलेल्या दिसल्या की इथूनच पाय उचलायचे. ब्रेक लावला की वाचवलेलं गेलं, असं म्हणायचे. ट्रकवाले हॉर्न मारून पुढं जात होते. एका ट्रकातल्या माणसानं हात जोडून दाखवले.

"मागं डिकीत काय काय भरलंस?" त्यांनी विचारलं.

"शेवया, बुंदी, पाण्याचा जार."

"जार कशाला? कारंज्यात पाणी नाय का?"

"वजन जास्त झालं असलं तर मला उतरवा," मी म्हणलं. ते हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्यांनी बघितलं असणार, कारण पुढं म्हणाले, "वच्छला, पोचतो आपण."

सारजाबाईचे फोनवर फोन चालू होते. कुठं आलात, किती राहिलं, दगडाबाई असं म्हणतात, दगडाबाई तसं म्हणतात. मी वैतागून म्हणलं, वन्सं, फोन ठेवा, नायतर वाटी घेऊन परत जाते. पुन्हा फोन वाजला. मी खेकसणार तेवढ्यात बारीक आवाज आला, "आई, मी लक्ष्मी बोलते."

मी हातातली पत्रिका खाली ठेवली.

"मी पाटावर बसलेय," ती म्हणाली. "तुम्ही घाई करू नका. नीट या."

मागं बायकांचा गलका ऐकू येत होता. काय बोलत असतील ते मला ठाऊक होतं. मी म्हणलं, "बाळ, आम्ही निघालोय, वाटेत आहोत, हळद माझ्या मांडीवर आहे. तुझ्या सासऱ्यांनी पाय धरून ठेवलाय, पण येतोय. कुणी काही बोललं तर सांग, माझी सासू वाटेत आहे." फोन ठेवला अन् मी रडले. ह्यांनी एका हातानं रुमाल दिला, दुसरा हात स्टिअरिंगवर, पाय होता तिथंच.

दिवा पिवळाचा पिवळा. डिझेलचा काटा तळाला टेकला. शेलूबाजारची पाटी आली, गेली. मी देवाचं नाव घेत होते अन् मधूनच त्या उघड्या पायाकडं बघत होते. अंगठा किंचित वर, टाच खाली टेकलेली. दगडासारखा स्थिर पाय. त्या पायावर मी जन्मभर टीका केली होती. आज सगळा भार त्याच्यावरच होता.

शेवटी कारंज्याची पाटी आली. खाली उतरलो, टोल दिला, गावात शिरलो. वाटेत एक पंप लागला. मी म्हणलं, भरायचं का? हे म्हणाले, आधी वाटी. मंगल कार्यालयाच्या दारात गाडी लावली, अगदी मधोमध, अन् बंद केली. दाराशी सारजाबाई उभी होती. मी वाटी तिच्या हातात दिली. मान तिचाच होता, तो मी कशाला घेऊ?

लक्ष्मी पाटावर साध्या साडीत बसली होती. आम्हाला बघून ती उठायला लागली, दगडाबाईनं खांदा धरून खाली बसवलं. म्हातारीनं विड्याचं पान उचललं, हळदीला बोट लावून वास घेतला अन् म्हणाली, "लावा." बायकांनी गाणं धरलं. सारजाबाईनं हळद लावली, मग मी लावली. गालाला लावताना लक्ष्मीनं माझा हात धरला अन् थोडा वेळ सोडलाच नाय. कुणी काही बोलत नव्हतं आता. तिच्या आईला, द्वारकाबाईला, मी पाण्याचा तांब्या खाली ठेवताना पाहिलं. ती माझ्याकडं बघून हसली. मला माझी आई आठवली.

बाहेर आले तर हे जावयाला सांगत होते, "अजून आहे टाकीत. आरामात एक वेरूळची फेरी होईल."

वरातीची घोडी आत आणायची होती अन् दारात आमची गाडी आडवी. काकासाहेब बसले, चावी फिरवली. गाडी घरघरली अन् बंद पडली. पुन्हा फिरवली. ढिम्म. जावयानं काट्याकडं बघितलं, मग सासऱ्याकडं. मग वऱ्हाडातल्या चौघांनी ढकलून ती बाजूला नेली. सारजाबाई सगळ्यात मोठ्यानं हसली. हे ओट्यावर बसले होते, पाय खाली सोडून. चपला अजून गाडीतच होत्या.

मी आत गेले. वाटीच्या तळाला थोडी हळद उरली होती. ती बोटावर घेतली, बाहेर आले, त्यांच्यासमोर खाली बसले अन् उजव्या पायाला लावली. अंगठ्याला, चवड्याला, टाचेला.

"अगं, लोक बघतायत," हे म्हणाले.

"बघू द्या," मी म्हणलं. "आपल्या लग्नात हळदीला उशीर झाला होता. तेवढं आज फिटलं."

त्यांनी पाय मागं घेतला नाय. रात्री टाकी भरून नवरा-नवरीला घेऊन आम्ही परत निघालो. लक्ष्मी मागं झोपून गेली. सगळ्या गाड्या आम्हाला मागं टाकून जात होत्या अन् मी मुकुंदवाडी येईस्तोवर एकदाही दाबा म्हणलं नाय.