सतराशेच्या बोर्डावर बाराशेचा प्रोसेसर

दादाचा हात जड आहे, हे आमच्या भावकीत लहानथोरांना माहीत होतं. दादा म्हणजे माझा थोरला चुलत भाऊ. पूर्वी तो ऊसतोडीच्या मुकादमाबरोबर कारखान्याच्या भागात जायचा. टोळीतून कुणी पळालं तर हुडकून परत आणायचं, हे त्याचं काम. कसं आणायचा ते तो सांगत नसे. पण एकदा त्याच्या जीपची मागची सीट मी पाण्यानं धुतली होती आणि पाणी लाल झालं होतं.

लग्नानंतर वहिनीनं त्याला शपथ घातली. पुन्हा कुणावर हात उचललात तर मी माहेरी जाईन. दादानं मुकादमाला रामराम ठोकला आणि मला सोबत घेऊन मांजरसुंब्याच्या चौकाजवळ बॅनर डिझाइनचं दुकान टाकलं. मी कॉम्प्युटरवर बसायचो, तो बांबूवर चढून बॅनर बांधायचा. चार वर्षांत त्यानं कुणाला चापटसुद्धा मारली नाही. एकदा ढाब्यावर एका ड्रायव्हरनं त्याची कॉलर धरली, तर हा दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहिला. त्याच्या कपाळावरची शीर तेवढी उडत होती.

मग एका दुपारी विजेचा दाब वाढला. फट्ट आवाज झाला, जळका वास आला आणि कॉम्प्युटर बंद पडला. बीडच्या दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिलं. आतला मुख्य बोर्ड गेला होता, त्यावर बसणारा प्रोसेसरही गेला होता. दोन्ही ऑनलाइन मागवा म्हणाला, आणि प्रोसेसर बसतो त्या खाचेचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून दिला, 'सॉकेट १२००'.

दादानं चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "दोन्हीवर ह्योच आकडा बघ. लई घाई करू नगं."

प्रोसेसर मी आकडा बघूनच मागवला. बोर्ड शोधताना मात्र एक काळा, चकचकीत बोर्ड समोर आला. त्यावर सतराशे लिहिलं होतं. आकडा मोठा म्हणजे माल भारी, आणि नव्यात जुनं बसतंच, असं मीच ठरवून टाकलं. खाली 'कोणते प्रोसेसर चालतील' अशी यादी होती. ती उघडायला एक बोट लागलं असतं. मी ती उघडली नाही.

त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. चौकातल्या मोक्याच्या जागेचा बॅनर आमच्याकडे होता. हार्डडिस्क काढून बीडला दुसऱ्याच्या मशीनवर काम करता आलं असतं. दादा तसं म्हणालाही. पण नव्या मशीनची मला खुमखुमी होती. मी पुढाऱ्याच्या माणसांना छातीठोक सांगितलं, "उद्या दुपारपर्यंत बॅनर चौकात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही खोकी आली. दादा बांबू आणायला गेलता. मी प्रोसेसर बोर्डावर ठेवला. प्रोसेसर चौकोनी, आणि खाच जरा लांबट. एका बाजूला फट राहिली. तिथंच थांबायला पाहिजे होतं. मी अंगठ्यानं दाबलं आणि वरची दांडी जोर लावून खाली ओढली. कर्र आवाज झाला. बरोबर बसतानाही असा आवाज होतो, म्हणून मी मनाची समजूत घातली. मशीन सुरू झालं नाही. प्रोसेसर उचलला तर खालच्या केसासारख्या बारीक पिना पावसात झोपलेल्या ज्वारीसारख्या आडव्या झाल्या होत्या. आता बोर्ड परतही जाणार नव्हता.

दादा आला. त्यानं बोर्डावरचा आकडा वाचला, मग चिठ्ठी वाचली. हार्डडिस्क काढायला त्यानं पेचकस हातात घेतला, तेवढ्यात दारात गाडी थांबली. पुढाऱ्याची चार माणसं उतरली. दुपार टळली होती आणि चौकातल्या आमच्या रिकाम्या जागेवर विरोधी गटाचा बॅनर लागला होता.

हातात कडं घातलेला एकजण पुढं आला. "कावून रं, कुठं हाय बॅनर?"

"मशीन चालू झालं न्हाई. बोर्ड चुकीचा आला," मी म्हणालो.

"आला का मागवला? कुणी मागवला बे?"

मी म्हणालो, "दादानं."

दादानं माझ्याकडं पाहिलं. त्या एका नजरेइतका दुसरा कुठलाच क्षण माझ्या आयुष्यात लांबला नाही. मग तो त्या माणसाकडं वळून म्हणाला, "हां, म्याच मागवला."

पहिला फटका कड्याचा बसला. भुवई फाटली. दुसऱ्यानं पोटात लाथ घातली. दादा काउंटरला धरून उठला, तर त्याला परत पाडलं. बांबूचा तुकडा त्याच्या पाठीवर मोडला. दादाचे दोन्ही हात पाठीमागं होते, एकमेकांत घट्ट अडकवलेले. चौघांना तो एकटा पुरला असता, हे मला माहीत होतं. मी भिंतीला चिकटून उभा होतो. जाताना त्यांनी मॉनिटर जमिनीवर आपटला.

गाडी गेली. दादा उठला, शटर अर्धं खाली ओढलं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. भुवईचं रक्त दाढीतून टपकत होतं.

"आकडा चुकला, त्याचं काय न्हाई," तो म्हणाला. "पर माझं नाव घेतलंस?"

मग त्यानं मारलं. उघड्या पंजानं, डाव्या कानावर. आत काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि शिट्टी सुरू झाली. मी खाली पडलो, तर गचांडी धरून त्यानं उचललं आणि पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा हात वर गेला आणि तसाच राहिला. तो स्वतःच्या पंजाकडं बघत होता. मग खाली बसला आणि ढसाढसा रडला. रक्त आणि पाणी एक झालं होतं.

त्यानंच मला मोटरसायकलवर बीडला नेलं. कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, पडलो. दादा म्हणाला, "न्हाई. म्या मारलं."

घरी जाऊन वहिनीलाही त्यानं स्वतःच सांगितलं. माझ्या खोट्याचं नावही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ती माहेरी दिंद्रुडला निघून गेली.

पंधरा दिवसांनी, कानात कापूस घालून, मी दिंद्रुडला गेलो. तिच्यासमोर सगळं सांगितलं: न उघडलेली यादी, दाबलेला अंगठा, खोटं बोललेली जीभ. "वैनी, चूक माझी हाय. तुमी घरी चला."

ती शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, "खोटं तुमी बोललात भावजी, हात त्यांनी उचलला. तुमच्या खोट्यात त्यांचा हात कावून झाकू?"

मी रिकामा परतलो. दादा मधूनमधून दिंद्रुडला जाऊन, ओसरीत बसून परत येत राहिला. तीन महिन्यांनी ती आली, स्वतःहून. दुकान चालू आहे. दादा आता माझ्या उजव्या बाजूला बसतो, म्हणजे त्याला मोठ्यानं बोलावं लागत नाही. त्या दिवशीच्या नजरेबद्दल मी त्याला अजून विचारलेलं नाही.