पुसलेले चार दिवस

आमच्या घरात कुत्री सगळ्यांची होती, पण फरशी फक्त माझी होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्या फरशीवरूनच झालं.

वाशीला राहायला आलो तेव्हा इमारतीसमोर रस्ता होता, रस्त्यावर दिवे मात्र नव्हते. दोन खोल्या आणि एक गॅलरी. त्यात हे आणि मी, सासूबाई, मामंजी म्हणजे माझे सासरे, आणि मामंजींचा अल्सेशियन. मामंजी गोदीत नोकरीला होते. तिथे एका परदेशी जहाजावरच्या अधिकाऱ्याने जाता जाता त्यांच्या हातात पिल्लू ठेवलं, आणि मामंजींनी ते कोटाच्या आत घालून घरी आणलं. पुढे पनवेलहून त्याला जोडीदारीण आणली. मामंजी माणसांशी कामापुरतं बोलायचे. संध्याकाळी खाडीच्या बाजूला फिरायला गेले की त्या कुत्र्याशी मात्र इतकं बोलायचे की लोक वळून बघत.

कुत्री पहिल्यांदा माजावर आली तेव्हा सासूबाई होत्या. त्यांचं सोवळंओवळं कडक. मी नवी नवरी असताना दर महिन्याला चार दिवस त्याच गॅलरीत सतरंजी टाकून बसायचे. फरशीवर रक्ताचा ठिपका दिसला की कुत्रीचीही रवानगी तिथेच होणार होती, भर उन्हात. ते मला बघवलं नसतं. मग मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ठिपके पुसायला लागले. असे चार दिवस काढले, चौथ्या दिवशी तिला न्हाऊ घातलं आणि मोकळी झाले. नहाण झालं म्हणजे सुटली, असा माझा हिशेब. कुत्रीच्या अंगाला हा हिशेब कुठे ठाऊक! पाचव्या दिवशी ठिपका पुन्हा दिसला, मामंजींनी पाहिला आणि माजाचा पहिला दिवस म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलने गोल केला. ती पेन्सिल सुतळीने खिळ्याला बांधलेली असायची. सासूबाईंनी तिला गॅलरीत घातलं नाही. नहाण झालेलं त्यांनी पाहिलं होतं.

तेव्हा त्याने काही बिघडलं नाही. कुत्रा घरातलाच होता, त्याला कॅलेंडर लागत नव्हतं. पाच पिल्लं झाली. बाप घरात आहे, मग पिल्लं ठेवायची कशाला, म्हणून सगळी वाटून टाकली. दोन आजाराने गेली, तिघांना लोकांनी इतका जीव लावला की परत मागायला तोंड राहिलं नाही. पुढच्या माजांना दोघांना वेगळं बांधलं.

मग सासूबाई गेल्या. त्याच वर्षी कुत्र्याचे मागचे पाय धरले. त्याला इंजेक्शनं द्यायला गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर यायचे. तरुण होते, साताऱ्याकडचे, स्कूटरवरून गावोगाव म्हशींना भरवत, म्हणजे नळीतल्या वीर्याने गाभण करत हिंडायचे. स्कूटरच्या पायाशी एक पिंप असायचं. झाकण उघडलं की त्यातून पांढरी वाफ निघायची, आणि त्या वाफेखाली बैलांचं आणि रेड्यांचं वीर्य बारीक नळ्यांमध्ये गोठवून ठेवलेलं असायचं. एक दिवस ते मामंजींना म्हणाले, की परदेशात कुत्र्यांचंही असं ठेवतात, आपण बघूया का करून. मामंजींनी त्यांच्याकडे असं बघितलं की मला सासूबाईंचा शेवटचा आजार आठवला. त्या वेळी कोणी औषधाचं नुसतं नाव काढलं तरी ते असेच आशेनं बघायचे.

ते काम गॅलरीत झालं आणि मला स्वयंपाकघराचं दार लावून बसवलं. डॉक्टरांनी वीर्यात मिसळायला माझ्याकडून अंड्याचा बलक मागून घेतला, आमचा थर्मास बर्फाने भरून घेतला आणि ते सगळं घेऊन, नळ्या भरून गोठवायला, बैलांच्या वीर्यकेंद्रावर पळाले. तो थर्मास मी पुन्हा चहाला वापरला नाही, स्पष्ट सांगते. दोन खेपांत सहा नळ्या भरल्या. त्या थंडीत कुत्रा गेला. खाडीकडच्या मोकळ्या जागेत मामंजींनी स्वतः खड्डा खणला, ह्यांना हात लावू दिला नाही.

आता जे काही होतं ते त्या सहा नळ्यांत होतं, आणि कुत्रीलाही सातवं लागलं होतं.

पुढच्या वेळी ती माजावर आली. घरात आता मी एकटीच बाई, आणि दोन पुरुष. सासूबाई नव्हत्या, गॅलरीची शिक्षा नव्हती, मग पुसायचं कशाला? पण सवय वाईट. शिवाय सासऱ्यांना तोंड वर करून सांगायचं काय, कुत्री बाहेरची बसली म्हणून? आमच्यात ते शब्द बायका बायकांशीसुद्धा हळू आवाजात बोलतात. मी पहाटे उठून पुसलं, चौथ्या दिवशी तिला न्हाऊ घातलं, पाचव्या दिवशी मामंजींना ठिपका दिसला आणि कॅलेंडरवर लाल गोल आला. तिथून चौदावा दिवस मोजून डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी तीन नळ्या कोमट पाण्यात धरून वितळवल्या. पाणी मीच दिलं, स्टीलच्या वाटीत.

पोटात काही राहिलं नाही. दोन महिने मामंजी तिच्या पोटावर हात ठेवून बसायचे. मग एक दिवस त्यांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, त्या पोराच्या हाताला यश नाही. पुढे इमारतीत कोणीही विषय काढला की हेच वाक्य. दूधवाल्यापर्यंत गेलं ते. डॉक्टरांच्या कानावर गेल्याशिवाय कसं राहील?

सात-आठ महिन्यांनी ती पुन्हा माजावर आली, आणि मी, कमाल आहे माझी, पुन्हा तेच केलं. पुसलं, न्हाऊ घातलं, मोकळी झाले.

ह्या वेळी डॉक्टर आधीच आले. मामंजींच्या कॅलेंडरवर दहावा दिवस होता. डॉक्टरांनी कापसाच्या काडीने कुत्रीच्या अंगातला स्राव घेऊन काचेवर पसरला, वाळवला, त्यावर रंग टाकला आणि बरोबर आणलेल्या मायक्रोस्कोपमधून बघत बसले. मी चहा घेऊन गेले तर दोघांचं चाललं होतं. डॉक्टर सांगत होते, की ताजं वीर्य अंगात आठवडाभर वाट बघू शकतं, गोठवलेलं एकदा वितळलं की जेमतेम अर्धा दिवस टिकतं. कुत्रीचं बीज सुटल्यावर पिकायला दोन दिवस घेतं, मग दोनेक दिवस जगतं. तेवढीच काय ती खिडकी. मागच्या वेळी ती चुकली असणार. आणि ही काच तर सांगत्येय की दिवस तुम्ही म्हणता त्यापेक्षा बरेच पुढे गेलेत.

मामंजी म्हणाले, दहावा म्हणजे दहावा, पहिला ठिपका आपण स्वतः पाहिलाय. डॉक्टरांनी पुन्हा डोळा लावला. मग मान वर करून म्हणाले, की काच वाचण्यात आपलीच चूक होत असेल, आपल्याला कुत्र्यांचा अनुभव कमी. ठीक आहे, चार दिवसांनी येतो. आणि ते मायक्रोस्कोप पेटीत ठेवायला लागले.

शेवटच्या तीन नळ्या. त्या माणसाला काच खरं सांगत होती आणि आमच्या तोंडच्या एका वाक्याने त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिला नव्हता. आणि मी तिथे ट्रे धरून, तोंडात मिठाची गुळणी धरून उभी. बरं, मी काही पडद्यातली बाई नव्हते हो. बेलापूरला ऑफिसात साहेबाच्या चुका तोंडावर काढायची. पण घरात, सासऱ्यांसमोर, परक्या पुरुषादेखत, त्या गोष्टीवर? जीभ उचलेना.

डॉक्टरांनी पेटीची कडी लावली, आणि त्या आवाजासरशी मी बोलले.

"आज चौदावा दिवस आहे."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी विचारलं, कशावरून?

"फरशी मी पुसते."

पुढचं सगळं जमिनीकडे बघत सांगितलं. चार दिवस, पहाटे, दर वेळी. मागच्या वेळीसुद्धा. मामंजी उठून गॅलरीत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. डॉक्टर मला एक शब्द वेडावाकडा बोलले नाहीत. कोमट पाणी तयार ठेवा म्हणाले आणि पिंप आणायला खाली धावले. दोन नळ्या त्या दिवशी, एक दुसऱ्या दिवशी.

दोन महिने मी आणि मामंजी एकमेकांच्या नजरेला नजर न देता वावरलो. मला वाटायचं, हा माणूस मला मनातून कधी माफ करणार नाही, आणि त्यात त्याची चूक काय? रात्रंदिवस जीव टांगणीला. शेवटी एका रविवारी सकाळी कुत्रीने धुण्याच्या मोरीत अंग टाकलं आणि एकच पिल्लू झालं. एक. पण काळ्या पाठीचं, थेट बापासारखं. मामंजींनी ते टॉवेलात घेतलं आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडले. मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरलं नाही.

मग त्यांनी डोळे पुसले आणि पिल्लाकडेच बघत म्हणाले, "सूनबाई, मला माहीत होतं."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. मागच्या वेळी मी कुत्रीला मधेच, आठवड्याच्या भलत्याच दिवशी न्हाऊ घातलं, तेव्हाच ते समजले होते. घरात तीस वर्षं चौथ्या दिवसाचं नहाण बघितलेला माणूस तो. पण चार दिवस वाढवून धरायचे तर कशावरून धरले ते सांगावं लागलं असतं, आणि सुनेला हे विचारायचं कसं? पहिल्या वेळी काही बिघडलं नव्हतं, आताही नाही बिघडणार, असं त्यांनी मनाला समजावलं. आणि बिघडल्यावर सांगायला तोंड उरलं नाही, म्हणून ह्या वेळीही दहावाच धरून बसले.

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! दोन महिने मी एकटीने ती चूक उरावर वागवली होती. पण राग त्याचा नव्हता. सासऱ्यांना मी त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवून विचारलं, "मग त्या डॉक्टरांचं नाव का खराब केलंत?"

मामंजी म्हणाले, उद्या त्यांच्याकडे जाऊ.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. डॉक्टरांसाठी पेढे घेऊन आम्ही दोघं गुरांच्या दवाखान्यात गेलो. बाहेर दोन म्हशीवाले बसले होते. मामंजींनी त्यांच्यादेखत हात जोडले आणि म्हणाले, की डॉक्टर, हात तुमचा चुकला नव्हता. तुमच्या तीन नळ्या आम्हा दोघांच्या लाजेपायी वाया गेल्या, आणि बोल मात्र तुम्हाला लावला.

डॉक्टर हसले. जाऊ द्या हो, म्हणाले, पिल्लू झालं ना. पेढा तोंडात घातला, आणि मग चावता चावता थांबले. त्यांनी सांगितलं, की आमच्या आधीच्या फजितीनंतर बेलापूर गावातले एक म्हातारे आपल्या कुत्र्याच्या नळ्या भरून ठेवा म्हणून तीनदा आले होते. त्या माणसाचं कोणी नव्हतं, तो कुत्रा सोडून. डॉक्टरांनी तिन्ही वेळा परत पाठवलं. माझ्या हाताला यश नाही, असं त्यांनी स्वतःच त्यांना सांगितलं.

मामंजींनी विचारलं, "आता भरता येतील?"

"त्यांचा कुत्रा वैशाखात गेला," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर मामंजी चप्पल न काढताच भिंतीपाशी गेले. त्यांनी ती लाल पेन्सिल सुतळीसकट खिळ्यावरून सोडवली आणि माझ्या हातात दिली.

"यापुढे दिवस तू धरायचेस," ते म्हणाले. "आणि मोठ्यानं सांगायचेस."