वहिनी, नंबर आला का?

आमच्या ऑफिसात किस्से रद्दीसारखे साठतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण टाकवतही नाहीत. कुंभिवलीला आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, मी अकाउंट्सला. बरेचसे किस्से आमच्या कॉम्प्युटरवाल्या रमेशचे. पूर्वी सांगताना पोट धरून हसायचो. आता हसू अर्ध्यावरच थांबतं.

*

बिलं, स्टॉक, सगळं क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवायचं ठरलं. सेल्सवाले येऊ लागले. रमेश कडाव गावचा, सोयरीक जमवायला बसल्यासारखा खोदून खोदून विचारायचा. "तुमची कंपनी बुडाली तर आमचं सामान परत कसं मिळणार? आमीच सोडून गेलो तर?"

एक जण वैतागला, "साहेब, अजून लग्न नाही आणि काडीमोडाचं बोलताय!"

"पोरगी देताना घर बघतो ना रं? हितं आख्खा धंदा देतोय!"

शेठ जाम खूश झाले.

*

खातं उघडायला मोबाइल नंबर हवा होता, ओटीपी त्यावर येणार. शेठनी ऐटीत ऑफिसचा लँडलाइन नंबर दिला! शेवटी रमेशनं स्वतःचा टाकला. "आसू दे माजा. मी कुठं जातोय?"

त्यानं इतके प्रश्न विचारले, पण 'रमेश नसला तर?' हे त्यालाही सुचलं नाही, आम्हालाही नाही.

*

रमेश गेला. हार्ट अटॅक. जायचं वय नव्हतं हो!

दशक्रियाही व्हायची होती आणि सिस्टिमनं ओटीपी मागितला. माल भरलेला ट्रक गेटवर, बिलाशिवाय हलणार नाही. शेठ माझ्याकडे बघेनात. शेवटी मीच रमेशचा नंबर लावला. त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी उचलला. मी उगाच तब्येतीचं विचारू लागलो.

"नंबर पायजे ना, भावजी? आलाय. लिवून घ्या."

मी लिहून घेतला. ट्रक गेला. त्या दिवशी डबा कोणीच उघडला नाही.

*

मग ते नेहमीचंच झालं. "वहिनी, नंबर आला का?" एकदा भर भातलावणीत फोन केला, मागे बायकांचा गलका. मी ओशाळून माफी मागितली.

"आवो, फोन पिशवीत घालून कमरेलाच बांदलाय. तुमची गाडी आडाया नको."

*

नंबर बदलून घ्यायला क्लाउडवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, खातेधारकाची परवानगी लागेल."

"ते वारले."

"ओके सर. मग एकदा त्यांच्याशी बोलणं करून द्या ना!"

मी फोन शेठकडे दिला. शेठ आयुष्यात कोणावर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले, आणि मग चष्मा पुसत बसले.

*

अखेर वहिनींनीच मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स आणून दिली आणि नंबर बदलला. आता ओटीपी ऑफिसच्या मोबाइलवर येतो. शेठनी सगळ्यांना बजावलं, "आता त्या माउलीला कोणी त्रास द्यायचा नाही!" आम्हालाही सुटल्यासारखं वाटलं.

थोड्या दिवसांनी माझा फोन वाजला. स्क्रीनवर नाव रमेशचं.

"भावजी, लय दिवस नंबर नाय आला. गाड्या आडल्या नाय ना?"

"नाही वहिनी. आता इकडेच येतो. तुम्हाला त्रास नको म्हणून..."

 

"मंग भावजी," त्या म्हणाल्या, "ह्यांच्या फोनला आता रिचार्ज मारू का नको?"